गुणानुक्रमाच्या बाहेर

महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत जन्मलेल्या एका सबंध पिढीचा वाढदिवस 1 जूनला येतो, ही गोष्ट ज्याने एखाद्या कचेरीतील सेवानिवृत्तांच्या याद्या चाळल्या असतील त्याला निराळी सांगावी लागत नाही. शाळा जूनमध्ये उघडत असे. बाप पोराचे बखोट धरून त्याला मास्तरांपुढे उभे करीत असे. मास्तर जन्मतारीख विचारीत आणि बाप डोके खाजवीत राही. मग मास्तर पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगत, बोटे कानाला लागली की सहा वर्षे पुरी झाली असे मानीत, आणि जनरल रजिस्टरात 1 जून ही तारीख मुक्रर करून पुढच्या पोराकडे वळत. पुढे त्याच तारखेचा दाखला निघाला, त्याच दाखल्यावर नोकरी लागली, आणि अठ्ठावन्न वर्षे पुरी झाली म्हणून 31 मे रोजी, आपल्यासारख्याच शेकडो एक-जूनवाल्यांबरोबर, हार-नारळ घेऊन ती माणसे घरी परतली.

माझे सासरे त्यांपैकी एक. त्यांचा जन्म तासगाव तालुक्यातील एका खेड्यात, बेंदराच्या आदल्या संध्याकाळी, गोठ्यात बैलांची खांदमळणी चालली असताना झाला, एवढे त्यांच्या आईने त्यांना खात्रीने सांगून ठेवले होते. सालाविषयी मात्र तिचा आग्रह नव्हता. त्या काळच्या बायांच्या स्मरणात सालांना आकडे नसत, खुणा असत. कोयनेच्या 1967 च्या भूकंपानंतर जन्मलेली पोरे ‘भूकंपाच्या साली’ची झाली आणि 1972 ची ‘दुष्काळाच्या साली’ची, एखाद्या लेकराचे वय विचारले की थोरल्या बैलाचे किंवा आंब्याच्या झाडाचे वय सांगितले जाई आणि ऐकणाऱ्याला ते पुरत असे. माझ्या मुलीच्या जन्माची नोंद तासामिनिटांनिशी, वजनाच्या ग्रॅमनिशी आमच्या कपाटात आहे. तरीही पणजीने आपल्या लेकासाठी जपलेल्या त्या संध्याकाळीत, बैलांच्या खांद्याला चोळलेल्या हळद-लोण्याच्या वासात, जेवढे वात्सल्य साठवलेले आहे, तेवढे आमच्या कागदात उतरलेले नाही असे मला प्रामाणिकपणे वाटते.

वाढदिवस हा आपल्या जीवनक्रमातील असा एकमेव सन्मान आहे की जो पदरात पडण्यासाठी काहीही करून दाखवावे लागत नाही. विद्या संपादन केली तर पदवी, चाकरी इमानाने केली तर बढती, कुस्ती जिंकली तर गदा. परंतु वर्षभर जगला, वाढला, घरात वावरला, एवढ्याच भांडवलावर ज्याला पाटावर बसवून ओवाळतात तो फक्त वाढदिवसाचा मानकरी. आमच्या घरी ही वहिवाट अजून शाबूत आहे. देवापुढे पाट मांडायचा, भोवती रांगोळीची दोन बोटे ओढायची, ताम्हणात निरांजन, सुपारी, सोन्याची अंगठी, हळदकुंकू आणि अक्षता ठेवायच्या. कपाळाला कुंकू लावून डोक्यावर अक्षता टाकायच्या, अंगठी आणि सुपारी चेहऱ्याभोवती फिरवून ताम्हणाच्या काठाला टेकवायची, आणि मग दिव्याने ओवाळायचे. सासूबाई सांगलीहून आल्या असल्या तर त्या आधी तीळगूळ घातलेले दूध अर्धी ओंजळ प्यायला देतात आणि मार्कंडेयाचे व सप्तचिरंजीवांचे नाव घ्यायला लावतात. अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृपाचार्य आणि परशुराम ही सात नावे माझ्या मुलीला शाळेच्या पाढ्यांआधी पाठ झाली. या सातांमध्ये कोणी राजा आहे, कोणी ऋषी आहे, आणि अश्वत्थाम्यासारखा भळभळती जखम घेऊन फिरणारा पराभूतही आहे. तरी बालकाला आयुष्य मागताना सगळ्यांची नावे एका दमात घेतली जातात, कोणालाही वगळले जात नाही, हे मला विलक्षण उदार वाटते.

सभागृह भाड्याने घेऊन, फुग्यांची कमान उभारून, येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हाती परतीची भेट देऊन साजऱ्या होणाऱ्या वाढदिवसांविषयी मला फारसे लिहायचे नाही. ज्याची त्याची हौस आहे आणि ऐपत आहे. मुले तेथेही आनंदानेच नाचतात.

माझा मुलगा पाच वर्षांचा आणि मुलगी आठ वर्षांची. थोरलीला आठ पुरी होऊन नुकते काही महिने झाले होते आणि धाकट्याचा पाचवा वाढदिवस तोंडावर आला होता, त्या सुमारास एका रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने मला विचारले, की आता मी पाच झालो म्हणजे ताईच्या जवळ आलो ना? मी म्हटले, आलास. पण ताईही पुढे जाईल. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग अत्यंत गंभीरपणे म्हणाला, “बाबा, ताईला सांगा ना, एक वर्ष वाढदिवस करू नको म्हणून. मी तिला गाठतो.” मुलीने पांघरुणातूनच उत्तर दिले, “बरं, पुढच्या वर्षी नाही करत.” आणि दोघेही झोपी गेली. मला मात्र पुष्कळ वेळ झोप आली नाही. वयाच्या शर्यतीत कोणालाही कोणाच्या पुढे जाता येत नाही. मागच्याला अंतर कमी करता येत नाही आणि पुढच्याला ते वाढवता येत नाही. जन्माच्या क्षणी ठरलेल्या क्रमाने सगळे चालत असतात, आणि तरीही पुढच्याने मागच्यासाठी थांबायची तयारी दाखवावी, ही बुद्धी त्या आठ वर्षांच्या पोरीला कोणी शिकवलेली नव्हती.

सांगलीला सासऱ्यांचे घर गावभागात आहे. मधल्या खोलीच्या सागवानी चौकटीवर माझ्या पत्नीच्या आणि तिच्या भावाच्या उंचीच्या खुणा पेन्सिलीने केलेल्या आहेत, प्रत्येक खुणेपाशी नावाचे आद्याक्षर आणि साल आहे, आणि त्यांच्याच मधल्या जागेत आता आमच्या मुलांच्या खुणा शिरल्या आहेत. 2019 च्या ऑगस्टात कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलापाशी पाण्याची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट धरली जाते. त्या वर्षी पाणी 57 फुटांच्याही पुढे गेले आणि गावभागातील घरांतून दिवसच्या दिवस ठाण मांडून बसले. पाणी ओसरल्यावर भिंतींवर गाळाची जी रेघ राहिली ती चौकटीवरच्या सगळ्या खुणांच्या वर होती. घर धुऊन काढले, भिंती खरवडल्या, रंग दिला. परंतु रंगाऱ्याला सासऱ्यांनी चौकटीला ब्रश लावू दिला नाही. काही खुणा पुसट झाल्या आहेत, एकदोन अक्षरे फुगलेल्या लाकडात विरली आहेत. बाकीच्या वाचता येतात. सुट्टीत तेथे गेल्यावर धाकट्याने विचारले, “आजोबा, तुमची खूण कुठे आहे?” आजोबांची खूण नव्हतीच, कारण ते ज्या घरात वाढले तेथे कोणी पोरांची उंची मोजीत नव्हते. तेव्हा दोघा नातवंडांनी त्यांना चौकटीला पाठ लावून ताठ उभे केले, खुर्चीवर चढून त्यांच्या डोक्यावर पट्टी धरली, आणि त्यांचीही रेघ ओढली. त्या दिवसापासून आजोबांचा वाढदिवस दोनदा होतो, एकदा दाखल्याप्रमाणे 1 जूनला आणि एकदा बेंदराच्या आदल्या संध्याकाळी. दुसऱ्या वेळी मुले मातीच्या बैलांच्या खांद्यांना हळद लावतात आणि मग आजोबांना ओवाळतात.

एवढी निर्मळ वृत्ती घेऊन मुले शाळेत जातात आणि तेथे त्यांना प्रथम जी गोष्ट कळते ती म्हणजे नंबर. आमच्याकडे जिल्ह्याच्या गावी या नंबराचा दरारा फार मोठा आहे. शिष्यवृत्तीच्या परीक्षा, त्यांच्या गुणवत्तायाद्या, यादीत नाव आलेल्यांची चौकाचौकात लागणारी छायाचित्रे. आणि ज्यांची नावे आली नाहीत त्यांच्या घरांत पसरणारे मौन. मी परीक्षांच्या विरुद्ध नाही. खेड्यातून आलेल्या मुलाला कोणाच्याही वशिल्याशिवाय वर चढण्याची जी एक शिडी उपलब्ध आहे ती परीक्षेचीच आहे, आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्थेची स्थापना करून ज्यांच्यासाठी शाळांची दारे उघडली त्यांच्या नातवंडांना या शिडीची किंमत ठाऊक आहे. माझी तक्रार निराळी आहे. एका बालवाडीच्या क्रीडादिनाला मी गेलो होतो. लिंबू-चमच्याची शर्यत होती. चार-पाच वर्षांची मुले, तोंडात चमचा, चमच्यात लिंबू, डोळे तिरळे करून लिंबाकडे पाहत तुरुतुरु चालली होती. माझा मुलगा मध्येच थांबला, कारण शेजारच्या मुलीचे लिंबू पडून गडगडत त्याच्या पायाशी आले होते. त्याने आपला चमचा हातात घेतला, वाकून लिंबू उचलले, तिच्या चमच्यात ठेवले, आणि मग दोघेही रमतगमत निघाली. तोपर्यंत शर्यत संपली होती, पहिल्या तिघांना तिरंगी फिती लावून फळीवर उभे केले होते, आणि ही दोघे शेवटच्या रेघेपर्यंत पोहोचण्यापूर्वीच पुढच्या शर्यतीसाठी ती रेघ पुसून नवी आखायला घेतली होती. मुलाला त्याचे काही वाटले नाही. मला वाटले. शेवटून येणाऱ्यासाठी रेघ तरी जागेवर असावी, एवढी अपेक्षा अवाजवी नव्हे.

आम्ही राहतो त्या साताऱ्याचा आणि धावण्याचा संबंध वाटतो त्याहून जुना आहे. 1920 साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदुस्थानातून जो पहिला संघ गेला त्याच्यामागे सर दोराबजी टाटा उभे होते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडामेळ्यात अनवाणी धावणारी साधी शेतकरी माणसे त्यांनी पाहिली होती, आणि त्यांची वेळ युरोपातील धावपटूंच्या जवळपास जाते हे पाहून ते चकित झाले होते. त्या संघात लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठी बेळगावचे फडेप्पा चौगुले होते आणि साताऱ्याचे सदाशिव दातार होते. चौगुल्यांनी मॅरेथॉन पूर्ण केली आणि ते एकोणिसावे आले. दातारांना शर्यत पूर्ण करता आली नाही. शेणाने सारवलेल्या अंगणांच्या आणि धुळीच्या गाडीवाटांच्या मुलखातून बोटीने सातासमुद्रापार गेलेला, बेल्जियमच्या पावसाळी हवेत परक्या बुटांच्या संगतीत धावायला उभा राहिलेला आणि वाटेत थांबलेला हा सातारकर माझ्या मनातून जात नाही. विक्रमांच्या पुस्तकात त्याच्या नावापुढे वेळ नाही आणि क्रमांकही नाही. तरीदेखील साताऱ्यात ज्याने ज्याने पहाटे उठून बूट बांधले आहेत त्याचा हा पूर्वज आहे, असे मी मानतो.

सातारा हिल हाफ मॅरेथॉन 2012 साली सुरू झाली. त्याच वर्षी पश्चिम घाटाबरोबर कासचे पठार जागतिक वारशाच्या यादीत दाखल झाले, आणि त्याच पठाराच्या दिशेने जाणारी यवतेश्वराच्या घाटाची वाट या शर्यतीने आपली मानली. शहरातून निघून घाट चढायचा, वर कासच्या रस्त्याने पुढे जाऊन वळायचे, आणि उतरून पुन्हा शहरात यायचे. एकंदर 21 किलोमीटरांच्या थोडे वर. 2015 साली एकाच डोंगरावर एकाच वेळी सर्वांत अधिक माणसे धावल्याचा विक्रम गिनीज बुकात नोंदला गेला, तेव्हा धावणाऱ्यांची संख्या 2,618 होती. परंतु या शर्यतीचे खरे नवल मला आकड्यात दिसत नाही. ते धावणाऱ्यांच्या जातकुळीत दिसते. पुढची काही मंडळी सोडली तर या हजारोंत बक्षिसाच्या आशेने आलेला कोणी नसतो. बँकेतील कारकून, दवाखान्यातील डॉक्टर, पोलीस शिपाई, शाळामास्तरीण, साखर कारखान्यातील केमिस्ट, नातवंडे असलेल्या आजी. आपण जिंकणार नाही हे प्रत्येकाला निघण्यापूर्वीच ठाऊक असते, आणि ते ठाऊक असूनही महिनोन् महिने ही माणसे पहाटे अजिंक्यतारा चढत असतात.

माझी पत्नी त्यांतील एक. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्या घराची घडी तिच्या धावण्याभोवती बसते. पहाटेच्या अंधारात ती चारभिंतीच्या बाजूला निघून जाते, आणि मागे मुलांना उठवणे, अंघोळी, डबे, वेण्या, हरवलेला मोजा शोधणे, हा सर्व जुमला माझ्याकडे येतो. हे मी उपकार म्हणून सांगत नाही. उलट या पहाटांनीच मला माझी मुले नीट दाखवली. मुलीची वेणी घालताना तिच्या मानेवर लहानपणी कांजिण्या उठलेल्या जागी राहिलेला बारीक व्रण मला प्रथम दिसला. दुधावरची साय मुलगा बहिणीच्या कपात ढकलतो हेही मला तेव्हाच समजले. घरातील एका माणसाची हौस पुरी व्हायची तर दुसऱ्याने आपला वेळ तिच्या खाती जमा करावा लागतो. हा जमाखर्च ज्या घरात मनापासून होतो त्या घरात हौशी शर्यत एकट्याची राहत नाही.

एका वर्षी शर्यतीचा रविवार आणि मुलीचा वाढदिवस एकाच दिवशी आला. सांगलीहून सासूसासरे आदल्या दिवशीच्या गाडीने आले होते. आईला पहाटे निघायचे असल्याने औक्षण तिच्यासमोर व्हावे म्हणून मुलीने काळोखातच अंघोळ उरकली आणि नव्या परकर-पोलक्यात पाटावर येऊन बसली. सासूबाईंनी तिला ओवाळले, साखर हातावर ठेवली, आणि निरांजन खाली न ठेवता त्या आपल्या लेकीकडे वळल्या. ती दारात बुटांच्या नाड्या बांधत होती. छातीवर पिनांनी टाचलेला चार आकडी कागद, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. सासूबाई म्हणाल्या, “ऊठ, इकडे तोंड कर. मोहिमेवर निघालीस, तर तुलाही ओवाळायला नको का?” आणि त्याच ताम्हणाने, त्याच अंगठी-सुपारीने त्यांनी आपल्या चाळिशीच्या उंबरठ्यावरील मुलीला ओवाळले. शाहू महाराजांच्या या राजधानीत स्वारीवर निघणाऱ्यांना शतकानुशतके घरच्या बायांनी असेच ओवाळले असेल. निघणाऱ्याला ओवाळतात तेव्हा फत्ते होणार की हार, हे कोणालाच ठाऊक नसते, आणि म्हणूनच त्या ओवाळण्याला मोल आहे. वाढदिवसाच्या ताम्हणात आणि त्या ताम्हणात मला तेव्हा काही भेद दिसला नाही, कारण तो नव्हताच.

रस्ता बंद होण्याआधी आम्ही चौघे समर्थ मंदिराच्या बाजूने चढून घाटातील एका वळणावर जाऊन उभे राहिलो. पाऊस म्हणावा असा नव्हता, भुरभूर होती. खाली शहर धुक्यात होते आणि समोर अजिंक्यताऱ्याचा माथा क्षणभर दिसून नाहीसा होत होता. कठड्याच्या कडेला तेरडा फुलला होता. एका शाळेची मुले लेझीम घेऊन उभी होती, कोणी केळी सोलून ताटात मांडली होती, कोणी मिठाच्या चिमटी आणि लिंबाच्या फोडी पुढे करीत होते. एक म्हातारेबाबा कोणालाही ओळखत नसताना प्रत्येकाला “शाब्बास रं वाघा” म्हणत होते. पुढचे धावपटू हरणाच्या गतीने निघून गेले. त्यांच्यानंतर बराच वेळाने मुख्य लोंढा आला, आणि त्यात लाल चेहऱ्याने, ओठ घट्ट मिटून, लहान पावले टाकीत माझी पत्नी आली. मुलीने मुठीत धरून ठेवलेला कंदी पेढा पुढे केला. पेढा उबेने मऊ होऊन तिच्या बोटांचे ठसे त्यावर उमटले होते. आईने अर्धा तोडून तोंडात टाकला, उरलेला तिच्या तोंडात घातला, पावसाने भिजलेल्या तिच्या केसांवर हात ठेवला, आणि पुढच्या वळणाआड दिसेनाशी झाली. मुलाने विचारले, “आईचा कितवा नंबर?” सासरे म्हणाले, “तिला धावताना कोणी मोजीत नाही, बाळ. ती परत येते का, एवढंच आपण बघायचं.”

ती परत उतरून गेली तेव्हा मला वाटले, आता निघावे. मुले भिजली होती, घरी पुरणपोळीचा बेत होता. परंतु सासरे हलेनात. ते म्हणाले, अजून माणसे वर आहेत. आणि ती होती. तासाभराने, लेझीम थांबली होती, केळ्यांची ताटे रिकामी झाली होती, तेव्हा नऊवारी पातळाचा काष्टा मारलेली एक बाई आणि तिच्याबरोबर गुडघ्याला पट्टी बांधलेला एक पोक्त गृहस्थ, हळूहळू, बोलत बोलत उतरत आले. रस्त्यावर टाळ्या वाजवायला आम्ही आणि ते म्हातारेबाबा एवढेच उरलो होतो. माझ्या मुलांनी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की ती दोघे थांबून हसली, आणि बाईने मुलीला विचारले, “वाढदिवस आहे वाटतं तुझा? कुंकू लावलंय.”

कोणी म्हणेल, की क्रमांकाची एवढी अवहेलना या मातीला शोभत नाही. ही शंका मला मान्य आहे आणि तिचे उत्तर देणे भाग आहे. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवले, आणि स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले; त्यांच्या प्रवासखर्चासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहते घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले होते. तेथे तिसरा क्रमांक आणि चौथा क्रमांक यांत सबंध आयुष्याचे अंतर होते. माण तालुक्यातील मोहीची ललिता बाबर ही दुष्काळी मुलखातली मुलगी. तिच्या पायांनी घरचे दारिद्र्य दूर करायचे होते, तिला हौसेने धावण्याची चैन परवडणारी नव्हती. परंतु याच ललिताची हकिगत पुढे पाहा. 2016 साली रिओला तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत 9 मिनिटे 19.76 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून ती अंतिम फेरीत पोहोचली. 1984 च्या पी. टी. उषांनंतर बत्तीस वर्षांनी भारतीय स्त्री ऑलिंपिकच्या धावपट्टीवरील वैयक्तिक अंतिम शर्यतीला उभी राहिली होती. आणि त्या अंतिम शर्यतीत ती दहावी आली. दहावी! या जिल्ह्यात त्या दिवशी कोणाला त्या आकड्याचे दुःख झाल्याचे मी पाहिले नाही. आपल्या घरची लेक तेथे उभी राहिली, याचाच आनंद सर्वांना झाला होता.

क्रमांकाचे राज्य असावे तेथे ते खुशाल असावे. परीक्षेत असावे, आखाड्यात असावे, ऑलिंपिकच्या मैदानावर तर असावेच. परंतु मुलाच्या आयुष्यात काही जागा अशा राखून ठेवल्या पाहिजेत की जेथे या राज्याचा अंमल पोहोचत नाही, आणि त्या जागा आईबापांनी राखल्या नाहीत तर दुसरे कोणी राखणार नाही. वाढदिवसाचा पाट ही एक तशी जागा आहे. यवतेश्वराचा घाट ही दुसरी. आपल्या आईला घामाने निथळत, हजारोंच्या मागे, प्रसन्न मुद्रेने धावताना ज्या मुलांनी पाहिले आहे, त्यांना न जिंकता येणाऱ्या गोष्टीवरही जीव लावता येतो हे वेगळे शिकवण्याची तसदी घ्यावी लागत नाही, असा माझा अनुभव आहे.

सप्टेंबरात शर्यत येईल. सातारकरांना आणि त्या दिवशी सांगली-कराडहून येणाऱ्या पाहुण्यांना माझी एवढीच विनंती आहे, की मुलांना घेऊन घाटात या, बरोबर पाणी आणि थोडा गूळ ठेवा, आणि पुढचे धावपटू गेले म्हणून घरी परतू नका. शेवटच्या माणसाला उतरायला पुष्कळ वेळ लागतो, तोवर थांबा.